परावलंबी वृद्धांसाठी ‘काळजी समन्वयक’ नेमावेत : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : दीर्घकाळ काळजीची गरज असलेल्या ज्येष्ठ नागरिकांसाठी तालुका व प्रभाग पातळीवर काळजी समन्वयक नेमण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या पदावर मी नोकरी केली. बरे होऊन घरी जाणाऱ्या रुग्णांपेक्षा, पूर्ण बरे न होताच ज्यांना घरी पाठवावे लागते अशा वृद्धांशी आणि त्यांच्या घरच्यांशी माझा संबंध अधिक आला. त्या अनुभवाच्या आधारे आपल्या विभागापुढे एक मागणी ठेवत आहे.

ज्येष्ठांसाठी योजना नाहीत, अशी माझी तक्रार नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, वॉकर यांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतमधून रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांच्या कक्षाची तरतूद आहे. १४५६७ ही मदतवाहिनी आहे, आणि मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात दादही मागता येते. मात्र यातील जवळपास प्रत्येक गोष्टीचे कार्यालय वेगळे, अर्ज वेगळा आणि फेरा वेगळा. ज्याला उठून मोरीपर्यंत जाता येत नाही, त्याने हे सारे फेरे घालावेत, असे आपण न बोलता गृहीत धरले आहे.

वॉर्डात वारंवार दिसणारे एक उदाहरण देतो. पंचाहत्तरी उलटलेली एक विधवा, खुब्याचे हाड मोडल्याने शस्त्रक्रिया झालेली, सोबतीला मधुमेह. डिस्चार्ज कार्डावर खाली चार ओळी असतात : दिवसाआड ड्रेसिंग, वॉकर घेऊन चालणे, साखर तपासणे, पंधरा दिवसांनी ऑर्थो ओपीडी (हाडांच्या बाह्यरुग्ण विभागात तपासणी). ड्रेसिंग गावच्या उपकेंद्रातील सिस्टर करू शकते, परंतु ही बाई घरी आल्याचे तिला कोणी कळवलेले नसते. वॉकर वयोश्रीतून मिळू शकतो, परंतु अर्ज समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात द्यायचा असतो. निवृत्तिवेतन खात्यात जमा झालेले असते, पण घासून गेलेल्या बोटांचा अंगठा मशीनवर उमटत नाही आणि बँकेपर्यंत न्यायला रिक्षा करावी लागते. सून रोजंदारीवर जाते. ती घरी राहिली तर चूल कशी पेटणार? काही आठवड्यांनी तीच बाई माकडहाडावर बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) घेऊन पुन्हा वॉर्डात दाखल होते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, सिस्टर कामचुकार नसते, समाजकल्याणचा कारकूनही नियमानेच वागलेला असतो. या सगळ्यांची सांगड घालणे मात्र कोणाच्याच नेमणूकपत्रात नसते.

हे काम जगात काही ठिकाणी एका माणसावर सोपवले गेले आहे. त्याला केस मॅनेजमेंट म्हणतात. एका वृद्धाची संपूर्ण परिस्थिती घरी जाऊन पाहायची, त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून काळजीचा आराखडा करायचा, वेगवेगळ्या खात्यांच्या व संस्थांच्या सेवा त्याच्यासाठी जुळवून आणायच्या आणि प्रकृती बदलेल तसा आराखडा बदलत राहायचे. सामाजिक नवोपक्रम म्हटले की आपल्याकडे लगेच ॲप आठवते; येथे नवे आहे ते जबाबदारीचे वाटप.

इंग्लंडमधील केंट परगण्यात १९७० च्या दशकात हा प्रयोग झाला. तेथील सामाजिक कार्यकर्त्यांकडे थोडीच माणसे सोपवली होती, आणि प्रत्येकासाठी ठरावीक मर्यादेत स्वतःच्या अखत्यारीत खर्च करण्याची मुभा त्यांना होती. ही मर्यादा वृद्धाश्रमातील खर्चाच्या दोनतृतीयांश इतकी होती. सकाळी उठवून चहा देण्यासाठी शेजारणीला पैसे द्यायचे असतील, तर फाइल वर पाठवावी लागत नसे. संस्थेत दाखल होणाऱ्यांचे प्रमाण घटले आणि खर्च नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा वाढला नाही. पुढे १९९० च्या कायद्यानंतर ही पद्धत देशभर नेताना एकेका कार्यकर्त्याकडील माणसांची संख्या वाढली, खर्चाचा अधिकार आकसला आणि अनेक ठिकाणी फॉर्म भरण्यालाच काळजी म्हटले जाऊ लागले. शासन निर्णयाचा मसुदा करणाऱ्यांनी या प्रयोगाच्या यशाइतकेच हे अपयशही वाचावे.

जपानने एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन काळजी विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, गरज पडली की काळजीच्या गरजेच्या सात पातळ्यांपैकी आपली पातळी ठरवून घ्यायची आणि मग केअर मॅनेजरने आराखडा करायचा. सेवांच्या खर्चाचा काही वाटा वृद्धाला उचलावा लागतो, आराखड्यासाठी मात्र त्याच्याकडून काही घेतले जात नाही. केअर मॅनेजर दरमहा घरी येतो, आणि एका माणसाकडे सुमारे ३५ वृद्ध हे प्रमाण तेथे बराच काळ मानले गेले. तेथेही एक खोट आहे. बरेच केअर मॅनेजर सेवा पुरवणाऱ्या संस्थांकडेच नोकरीला असतात, त्यामुळे आराखडा वृद्धाच्या गरजेचा की संस्थेच्या धंद्याचा, ही शंका कायम राहते.

इतक्या लांब जायचे नसेल तर केरळकडे पाहावे. मलप्पुरम भागात १९९९ मध्ये शेजारपाजारच्या स्वयंसेवकांच्या बळावर पॅलिएटिव्ह केअरचे (गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणाऱ्या काळजीचे) जाळे उभे राहिले, २००८ मध्ये राज्याने धोरण केले आणि पंचायतींच्या मदतीने प्रशिक्षित नर्स अंथरुणावरील रुग्णाच्या घरी जाऊ लागली. केरळची सधनता हे त्याचे कारण सांगितले जाते, पण ते मला अपुरे वाटते. तेथे स्थानिक स्वराज्य संस्थेने हे काम आपले मानले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेतच राज्यातील साठीपुढच्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. पुण्या-मुंबईत ज्यांची मुले परदेशी आहेत ते पैसे मोजून असा समन्वय विकत घेतात, कारण घरी काळजीला माणसे पाठवणाऱ्या ब्यूरोची मावशी आली नाही तर बदली कोण पाठवणार, तिच्या हाती किल्ली द्यायची की नाही, हे पाहायलाही माणूस लागतो. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्या घरी हेच काम सून किंवा लेक करते, बिनपगारी, अनेकदा स्वतःचे पाठीचे दुखणे लपवून. म्हणून आराखड्यात तिच्या विश्रांतीची सोयही लिहिलेली असली पाहिजे.

माझी विनंती मर्यादित आहे. एक ग्रामीण तालुका आणि एक महानगरपालिका प्रभाग घेऊन दोन वर्षांसाठी पूर्णवेळ काळजी समन्वयक नेमावेत. एकाकडे ४० पेक्षा अधिक वृद्ध नसावेत. हे काम आशाताईंवर टाकू नये. त्यांच्या रजिस्टरांची चळत आधीच पुरेशी उंच आहे आणि मानधनासाठी त्यांना किती वेळा रस्त्यावर उतरावे लागते, हे आपण जाणता. देशातील पहिली समाजकार्याची संस्था १९३६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, आणि आज राज्यातील महाविद्यालयांतून दरवर्षी समाजकार्याचे पदवीधर बाहेर पडतात व मिळेल त्या कंत्राटावर काम करतात. त्यांतून आणि अनुभवी नर्सेसमधून ही माणसे मिळतील. समन्वयक सेवा पुरवणाऱ्या कोणत्याही संस्थेचा नोकर नसावा. तहसील, समाजकल्याण आणि प्राथमिक आरोग्य केंद्र येथे त्याने दिलेल्या अर्जावर किती दिवसांत निर्णय व्हावा, हे शासन निर्णयातच लिहावे. आणि प्रत्येक वृद्धामागे दरमहा एक लहान रक्कम समन्वयकाच्या सहीने खर्च करता यावी : रिक्षा, डायपर, भाड्याची एअर बेड, शेजारणीचे दोन तास. लेखापरीक्षण अवश्य व्हावे, पूर्वपरवानगी मात्र नसावी. एवढा अधिकार देणार नसाल, तर पद निर्माणच करू नये. फाइल पुढे सरकवणारा आणखी एक कर्मचारी त्या घराला नको आहे.

खर्चाची बाजू वित्त विभाग विचारेलच. त्यासाठी प्रयोग सुरू करण्यापूर्वी त्याच तालुक्यातील वृद्ध घरी गेल्यावर तीन महिन्यांत किती जण पुन्हा दाखल झाले आणि किती दिवस राहिले, ही नोंद काढून ठेवावी. केसपेपर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आहेत. रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असल्याने त्या विभागाचे संयुक्त पत्र लागेल, आणि तिथूनच सुरुवात करावी अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)

प्रत : मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन.