स्काउटच्या सदऱ्यावरचे धर्माचे पदक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील मराठी मुलांच्या स्काउटिंगवर आलेला लेख आवडला. शिबिरांचे वर्णन वाचून जुन्या स्काउटमास्तराला हुरूप आला, हेही कबूल करतो. मात्र कॅथलिक मुलांना मिळणाऱ्या धार्मिक पदकाबद्दल त्यात दोन विधाने आहेत. एक, हे पदक म्हणजे 'ईगल', म्हणजे अमेरिकन स्काउटची सर्वोच्च श्रेणी, होण्याच्या वाटेवरची पायरी. दोन, अशा पदकांमुळे एकाच पथकातली मुले धर्मावरून वेगळी पडतात. पहिले विधान चुकीचे आहे आणि दुसरे मला पटलेले नाही.

ईगल होण्यासाठी एकवीस मेरिट बॅज (एकेका विषयातल्या कौशल्याचे बिल्ले) लागतात, पुढाऱ्याची जबाबदारी आणि समाजोपयोगी प्रकल्प लागतो. त्या यादीत धार्मिक पदक येत नाही. मुळात ते स्काउट संस्था देतच नाही. कॅथलिक मुलाचे पदक चर्च देते, आणि त्याचा अभ्यासक्रम कॅथलिकांची राष्ट्रीय स्काउट समिती ठरवते. स्काउट संस्था फक्त ते गणवेशावर लावायची परवानगी देते. समारंभाला खरे पदक, एरवी डाव्या खिशाच्या वर जांभळ्या कापडावर भरलेली रुपेरी गाठ. ही गाठ सगळ्या धर्मांच्या मुलांना एकच असते. खिशाकडे बघून पोरगा चर्चमध्ये मिस्सेला जातो की जैनांच्या देरासरात, ते कळत नाही.

माझा नातू न्यू जर्सीत वाढतो. कब, म्हणजे लहान वयाचा स्काउट, असताना त्याने 'पारव्हुली देई' हे कॅथलिक पदक मिळवले, गेल्या वर्षी 'आद आल्तारे देई'. त्याच्याही आधी, अगदी पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी 'लाइट ऑफ ख्राइस्ट' असते. ते मूल आणि आईबाप मिळून घरीच करतात. आम्हा वसईकरांना ही रीत नवी आहे. आपल्याकडे मूल रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवले की आईबापांचे काम संपले. प्रथम ख्रिस्तशरीराच्या आधी प्रश्नोत्तरे घोकून घ्यायची, पांढरा पोशाख शिवायचा, फोटो काढायचे. तिकडे माझ्या जावयाला पोराबरोबर चटईवर बसून शुभवर्तमान उघडावे लागले. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच!

'आद आल्तारे देई' जरा मोठ्या मुलांचे. 1920च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये वेदीसेवक, म्हणजे मिस्सेत फादरांना मदत करणाऱ्या, मुलांसाठी ते सुरू झाले. आज ते सात संस्कारांवर उभे आहे: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावणे), गुरुदीक्षा आणि विवाह. प्रशिक्षण घेतलेला एक मार्गदर्शक असतो, काम महिनोन्महिने चालते, शेवटी समितीसमोर बसून बोलावे लागते. पाठ केलेली उत्तरे तिथे फार वेळ टिकत नाहीत. रुग्णाभ्यंगाचा भाग आला तेव्हा नातवाने व्हिडिओ कॉल लावून आजीला विचारले, पणजीच्या आजारपणात फादर घरी आले होते तेव्हा काय काय झाले? आजीने सांगितले. त्यातले निम्मे मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. वसईच्या घरातली ती गोष्ट माझ्या मुलीने त्याला कधी सांगितली नसती, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. याच्याही पुढे 'पोप पायस बारावे' नावाचे पदक आहे. त्यात आयुष्यात काय व्हायचे आणि आजच्या जगातल्या वादांकडे कसे बघायचे, यावर मुलांना बोलते करतात.

आता मुले वेगळी पडण्याबद्दल. बेडन-पॉवेल यांनी 1908 मध्ये स्काउटचे नियम लिहिले तेव्हा ते नऊ होते. अमेरिकनांनी ते बारा केले, आणि त्यातला बारावा श्रद्धाशील असण्याचा. या नियमाच्या स्पष्टीकरणातच दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: आपली धर्मकर्तव्ये निष्ठेने करणे आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान राखणे. म्हणूनच तिथे हिंदू मुलांना 'धर्म' आणि 'कर्म' ही पदके आहेत, झरथुश्ती, म्हणजे पारशी धर्माच्या, मुलांना 'गुड लाइफ' आहे. ज्यू, मुस्लीम, बौद्ध मुलांचीही आहेत. नातवाच्या पथकातला एक गुजराती मुलगा 'कर्म'साठी तयारी करत होता. दोघांनी शिबिरात एकमेकांना आपापले पाठ समजावून सांगितले म्हणे. ज्याला स्वतःचे थोडेफार माहीत आहे तोच दुसऱ्याला नीट प्रश्न विचारतो, असा माझा शाळेतलाही अनुभव आहे.

हे सगळे जसेच्या तसे इथे आणा, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत स्काउट पथकाचे पालकत्व अनेकदा एखादे चर्च घेते. आपल्याकडे पथक मुख्यतः शाळेचे असते. शाळा सरकारी पैशावर पूर्णपणे चालत असेल तर राज्यघटनेचे अनुच्छेद 28 तिथे धार्मिक शिक्षणाला मनाई करते, आणि ते योग्यच आहे. वर्गात धर्माची पदके वाटू लागलो तर काय होईल हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. आपल्या भारत स्काउट्स आणि गाइड्सच्या वचनात ईश्वर किंवा धर्म यांबद्दलचे कर्तव्य आहे, मेळाव्यात सर्वधर्म प्रार्थना होते. माझ्या पथकातली मुले त्या प्रार्थनेला शिस्तीत उभी राहत, हात जोडत, आणि संपली की धावत नाश्त्याला जात. तेवढ्यावर ते कर्तव्य पार पडले असे मानायला मी तेव्हाही तयार नव्हतो.

तिकडच्या पद्धतीतही खोट आहे. पदकांचा सोस मुलांपेक्षा आईबापांना जास्त. सदरा भरून दिसावा म्हणून घाईघाईने वही पुरी करून घेणारेही आहेत, असे मुलगीच सांगते. पण ती तक्रार गणिताच्या ऑलिंपियाडबद्दलही करता येते.

वसई धर्मप्रांतातल्या धर्मग्रामांना, म्हणजे एकेका चर्चच्या वस्तीला, यातले एक विनापदक करता येईल: दृढीकरणाच्या वर्गातला निम्मा अभ्यास घरी, आईबाप आणि आजी-आजोबांबरोबर करायला द्यावा. शाळेला यात ओढायची गरज नाही, खर्चही नाही. राहता राहिली ईगलची गोष्ट. तिची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व स्काउटमास्तर, वसई