कापण्याआधी विचारणाऱ्या बाइंडरकाकांना

प्रिय बाइंडरकाका,

तुम्ही बांधून दिलेला 1961 चा खंड समोर उघडून ठेवलाय. वर वजन नाही की हाताने दाबलेलं नाही, तरी पानं सपाट पसरलीत. त्या वर्षातले चार आवडते दिवाळी अंक आणि थिएटरबाहेर मिळायच्या त्या सिनेमाच्या गाण्यांच्या सहा चोपड्या, असा एका घरातल्या वाचणाऱ्यांचा वर्षभराचा ऐवज. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत असे गठ्ठे साठत आलेत. ते नीट बांधणारे हात मात्र फार थोडे.

तुम्ही गठ्ठा हातात घेतलात, दोन-चार पानं उलटलीत आणि विचारलंत, “कडा कापायच्या, की ठेवायच्या?”

काका, एवढ्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे.

कारण याआधी 1960 चा गठ्ठा दुसऱ्या एका दुकानात गेला होता आणि तिथे कुणी काही विचारलं नाही. तिन्ही बाजू थेट यंत्राखाली. गुळगुळीत कडेसाठी तीन ते पाच मिलिमीटर सहज जातात, आणि आवडलेल्या कथांपुढे पेन्सिलीने केलेल्या चांदण्या नेमक्या तेवढ्याच पट्टीत होत्या. मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं ‘फालतू’ म्हणून काढून टाकली. कण्यापासून सेंटिमीटरभर आत आरपार भोकं पाडून टाके घातले, त्यामुळे प्रत्येक ओळीची आतली अक्षरं शिवणीत गेली. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लामुळे ठिसूळ झालेला. पान उलटलं की टाक्याच्या रेषेवरच तुटतं. शिवाय तुटलेल्या पानांवर चिकटपट्टी लावली. तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो, मग पट्टी सुटते आणि डाग कायमचा राहतो. अजून राग येतो.

तुम्ही पानाचा कोपरा अलगद दुमडून पाहिलात आणि कागदात किती जीव उरलाय ते आधी ठरवलंत. गंजलेल्या तारा ओढल्या नाहीत, मागून त्यांचे पाय सरळ केलेत आणि चिमट्याने एकेक उचललीत. गंजाची पूड कोरड्या ब्रशने झाडलीत, कारण पाणी लागलं की गंज पसरतो. फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या, फाटलेल्या घड्यांना पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या लावल्यात, त्याही गव्हाच्या सत्त्वाच्या ताज्या खळीने. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत, आणि लावताना आणखी पातळ. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालायची जुनी रीत तुम्ही पाळत नाही, ते बरंच. तांब्याचा अंश पुढे कागदालाच खातो. शिवाय ही खळ ओलसर करून पुन्हा सोडवता येते. उद्या कुणाला हे काम उलगडावंसं वाटलं, तर त्याची वाट तुम्ही मोकळी ठेवलीत.

मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक फर्मा घडीतून फितींवर शिवलात. दोरा जाड असता तर कणा फुगून खंड पाचरीसारखा झाला असता, फार बारीक असता तर त्याने कागद चिरला असता. पुठ्ठ्याच्या आणि अस्तराच्या कागदाचे तंतू कण्याला समांतर ठेवलेत, म्हणून पावसाळ्याच्या दमटपणातही पुठ्ठा वाकला नाही. गाण्यांच्या चोपड्या आकाराने लहान. मध्येच शिवल्या असत्या तर खंड डगमगला असता, म्हणून मागच्या पुठ्ठ्याला आतून भात्यासारखा घड्यांचा खिसा केलात.

आणि कडा तशाच ठेवल्यात. खडबडीत, पुढेमागे, एका कोपऱ्यात चहाचा डाग. चांदण्या जागच्या जागी. केसांच्या तेलाची जाहिरातही आहे, आणि 1961 हे साल कथेइतकंच तिच्यातही आहे. शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या छपाईचा दाब पानाच्या मागच्या बाजूने अजून बोटाला लागतो. हा स्पर्श पडद्यावरच्या पानाला कुठून येणार?

ज्याच्या हातात पातं आहे त्याने आधी विचारावं, ही साधी माणुसकी आहे. झाडाची फांदी तोडणारा असो, जुन्या साडीची गोधडी शिवणारी असो, वाडा पाडणारा असो. कापलेलं परत जोडता येत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तरी थांबून विचारणारी माणसं विरळाच, आणि अशी माणसं अजून दुकान उघडून बसतात याचा आधार वाटतो.

1962 चा गठ्ठा सुती कापडात गुंडाळून ठेवलाय. पाच अंक आहेत, एकाचं मुखपृष्ठ सुटलंय, पण ते जपून ठेवलंय. दिवाळीची गर्दी ओसरली की घेऊन येते. कडा ठेवायच्या आहेत, काका.

तुमची,
एक वाचक