वॉर्डातल्या सिस्टरांना, फार्मसीच्या एका शिक्षिकेकडून

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही या महिन्यात निवृत्त होताय असं कळलं. निरोप समारंभात डॉक्टर बोलतील, मेट्रन बोलतील, पण आमच्या फार्म.डी.च्या (डॉक्टर ऑफ फार्मसी) मुलांना तिथे कोण बोलू देणार? म्हणून त्यांच्या वतीने मीच जाहीर पत्र लिहितेय.

फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ साली आला. पाचव्या वर्षी मुलं वॉर्डात राउंडला येतात, सहावं वर्ष इंटर्नशिपचं, त्यातले सहा महिने मेडिसिनमध्ये. हॉस्पिटल किमान ३०० खाटांचं हवं, असं नियमात आहे. पण खाटेशेजारी उभं राहून पेशंटशी काय बोलायचं, हे शिकवणारं माणूस कुठल्या नियमाने मिळत नाही. आम्हाला मिरजेत तुम्ही मिळालात.

आमची मुलं यायची ती थेट केसपेपरकडे. डोस, क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा), इंटरॅक्शन (औषधांचा एकमेकांवर होणारा परिणाम) सगळं वहीत उतरवून झालं की जाता जाता पेशंटला विचारायची, "गोळ्या वेळेवर घेता ना?" पेशंट मान हलवणार, मुलं 'हो' लिहिणार. तो प्रश्न तुम्ही बंदच केलात. "नुसतं हो म्हणून सुटता येईल असं विचारू नको गं. काल रात्री कुठली घेतली ती दाखवा म्हण. आणि घरात असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत घालून आणायला सांग."

जत भागातल्या त्या आजोबांची पिशवी मला अजून दिसते. क्रिएटिनिन वाढलेलं, कारण लागत नव्हतं. केसपेपरवर बीपीची टेल्मिसार्टन, सुजेसाठी टॉर्सेमाइड आणि शुगरची ग्लिमेपिराइड. मुलाने पिशवी आणली, तुम्ही ती चादरीवर रिकामी करायला लावलीत. त्यातून डायक्लोफेनॅकची निम्मी संपलेली पाकिटं निघाली. गुडघ्यासाठी रोज दोन, दुकानातून आणलेल्या. आजोबांच्या लेखी ती औषधंच नव्हती, 'दुखण्याची गोळी' होती, म्हणून कुणाला सांगितली नव्हती. शिवाय ग्लिमेपिराइडची दोन पाकिटं, दोन वेगळ्या कंपन्यांची, एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं, एक शहरातलं. दोन्ही चालू. दुप्पट गोळीने शुगर फार खाली जाऊन पहाटे घाम फुटून अंग थरथरतं, ते तिथल्या तिथे उलगडलं.

टेल्मिसार्टन, टॉर्सेमाइड आणि डायक्लोफेनॅक एकत्र आली की किडनीला मार बसू शकतो, हे आमच्या त्या विद्यार्थिनीने परीक्षेत घडाघडा लिहिलं होतं. त्या दिवशी ते तिने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तिने रेसिडेंट डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डायक्लोफेनॅक आणि ग्लिमेपिराइडचं एक पाकीट बंद केलं. नाव लावायला तुम्ही पुढे आला नाहीत. राउंडला मोठ्या सरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिच्याकडे बोट दाखवलंत. ती आता तासगावात स्वतःचं मेडिकल चालवते आणि बीपी-शुगरच्या पेशंटला तीन महिन्यांतून एकदा पिशवी घेऊन यायला सांगते.

इन्सुलिनच्या पेशंटचंही तसंच. शुगर वर-खाली होत राहिली की आमची मुलं डोसचा हिशेब मांडून बसायची. तुम्ही पोटावरून हात फिरवायला सांगितलंत. एकाच जागी वर्षानुवर्षं सुई टोचून गाठ झालेली, त्या गाठीत दिलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदलली की डोस तोच ठेवूनही शुगर खाली येऊ शकते, म्हणून जागा बदलताना डॉक्टरांना विचारायचं, हेही तुम्हीच बजावलंत. इनहेलरचं तर तुम्ही मुलांना समजावूनच देऊ दिलं नाहीत. आधी पेशंटने स्वतः ओढून दाखवायचा, मग चूक असेल तेवढीच सुधारायची: श्वास पूर्ण सोडला का, दाबणं आणि ओढणं एका वेळी झालं का, दहा आकडे श्वास धरला का, स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरली का. ही पद्धत पुस्तकातही आहे. पण पंखा बंद पडलेल्या दुपारी, खोकणाऱ्या म्हाताऱ्याजवळ न कंटाळता चौथ्यांदा तेच करून घेणं हे मुलं तुमच्याकडे बघून शिकली.

आणि कानडी. अथणी-चिकोडीकडून येणारे पेशंट आमच्या सांगली-साताऱ्याच्या पोरांना बघून गप्प बसायचे. तुम्ही "ऊट आयता?" (जेवण झालं का?) म्हणत खाटेवर टेकायचात आणि बाई बोलायला लागायची. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेते म्हणायची, पण चहा त्याआधीच झालेला असायचा, हे त्या गप्पांतूनच बाहेर यायचं. आता आमची मुलं मोडकंतोडकं का होईना, कानडीत विचारतात.

तुमच्यावर औषधं वाटण्याचा, सलाइनचा, नोंदींचा केवढा भार असतो ते मी रोज बघत होते. मुलांना शिकवणं तुमच्या कामात कुठेच मोजलं जात नव्हतं. तरी एकाही बॅचला तुम्ही "नंतर या" म्हणाला नाहीत. सिस्टर, मनापासून आभार.

तुमचे प्रश्न मी आता पेशंट-मुलाखतीच्या फॉर्मवर पहिल्याच पानावर छापून घेतलेत. एक विनंती आहे. निवृत्तीनंतर मिरजेतच असाल तर नवी बॅच वॉर्डात जाण्याआधी एक दुपार आमच्या कॉलेजवर या. रिक्षा पाठवते, चहा कॉलेजवरच घेऊ.

आपली नम्र,
फार्मसी प्रॅक्टिसची एक शिक्षिका, सांगली