मेट्रनबाई, चार्ज घेतला

आदरणीय मेट्रनबाई,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर तुम्ही आजाऱ्यांच्या भेटींचं रजिस्टर त्या पोरीच्या हातात दिलंत, चष्मा पर्समध्ये ठेवलात आणि जाऊन मागच्या बाकावर बसलात. मला दोन शब्द बोलायचे होते. पाळकसाहेबांनी माइकही पुढे केला होता, पण गळा दाटून आला आणि मी नुसतीच उभी राहिले. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे, कारण तुम्ही काय केलंत ते आपल्या निम्म्या मंडळीला माहीत नाही. शिवाय महू, देवास, उज्जैन, रतलामच्या मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, माझ्यासारखी एखादी सेक्रेटरी आजही एकटीच खपत असेल. तिच्यापर्यंतही हे पोचावं.

सहा वर्षांपूर्वी मी सेक्रेटरी झाले तेव्हा सेवा म्हणजे आपण राबायचं, एवढंच मला कळत होतं. चर्चची किल्ली माझ्या पर्समध्ये, माइकचे सेल माझ्या पर्समध्ये. प्रभुभोजनाचे पेले कोण धुणार, संडे स्कूलचा खाऊ कोण आणणार, कॅरोलच्या रात्री गाडी कुणाची, सगळं माझ्या डोक्यात. बँकेतून सुटले की चर्च, चर्चमधून घरी, आणि घरी पोचल्यावरही फोन चालूच. लोक म्हणायचे, "तुम्ही आहात म्हणून चाललंय." ते ऐकून मला बरं वाटायचं, हे आज कबूल करते.

आणि मग आपल्या मंडळीतले ते आजोबा इस्पितळात गेले. अकरा दिवस होते. आजाऱ्यांच्या भेटीसाठी मीच समिती नेमली होती, नऊ जणांची, नऊही माणसं भली. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी जाऊन आलं असेल. मलाही तसंच वाटलं. डिस्चार्जच्या दिवशी मी पोचले तेव्हा आजी पिशव्या भरत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "फोन सगळ्यांचे आले गं. आलं कुणी नाही." आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही माझ्या घरी आलात. हातात रेघा मारलेलं जाड रजिस्टर, वॉर्डात असतं तसं. मी चहा टाकायला उठले तर म्हणालात, बस. आणि विचारलंत, "त्या अकरा दिवसांत आजोबांचा चार्ज कुणाकडे होता?"

मी म्हटलं, समितीकडे.

"समितीतल्या कुणाकडे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तुम्ही मला वॉर्डातली ड्यूटी कशी बदलते ते सांगितलंत. रात्रपाळीची सिस्टर सकाळी आठला आलेल्या सिस्टरला घेऊन एकेका खाटेपाशी जाते आणि सांगते: चार नंबर, रात्री झोप नाही, जेवण घेतलं नाही, मुलगा दुपारी येणार आहे, त्याच्याशी डॉक्टरांना बोलायचंय. समोरची "चार्ज घेतला" म्हणत नाही तोवर पहिली घरी जात नाही, बाहेर तिचा नवरा स्कूटर चालू करून उभा असला तरी. तुम्ही सदतीस वर्षं हे केलंत. "माणूस आजारी पडला की सगळ्यांना दया येते," तुम्ही म्हणालात, "पण दयेची ड्यूटी लावावी लागते." ते वाक्य मी त्याच रात्री रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. अजून तिथेच आहे.

पुढच्या रविवारपासून उपासनेनंतर व्हरांड्यात, एका हातात पोह्यांची बशी धरून, आपला चार्ज सुरू झाला. दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. नऊ जणांची समिती मोडली, चार जोड्या झाल्या. प्रभूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं ते मार्काच्या शुभवर्तमानात सगळ्यांनी वाचलेलं आहे. तुम्ही त्यात एवढंच घातलंत की दोघांतला एक जाणता हवा आणि एक नवखा. तीन महिने चार्ज, मग एक महिना सुट्टी. ती घेताना कुणी कारण विचारायचं नाही. रजिस्टरात रकाने पाचच: कुणाकडे, कोण गेलं, कधी, काय हवं आहे, पुढे कोण जाणार.

सहावा रकाना मी घातला होता, आजार काय ते लिहायला. तुम्ही त्यावर लाल पेनने काट मारलीत. तेव्हा मला ते लागलं. पुढे एका प्रार्थनासभेत कुणीतरी "अमक्यांच्या सुनेसाठी विशेष प्रार्थना" म्हणून तिच्या घरातली सगळी हकिगत मोठ्याने सांगितली आणि ती पोरगी तिथेच खाली मान घालून बसली होती. तेव्हा ती लाल रेघ मला समजली. खाटेपाशी ऐकलेलं खाटेपाशीच राहायला हवं. प्रार्थना करणाऱ्याला नाव पुरतं, देवाला तर तेही लागत नाही.

या शहरात मिशनचं काम कसं उभं राहिलं ते आपण रौप्यमहोत्सवांच्या भाषणांत ऐकतो. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक १८७७ साली इंदुरात आले, १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं, डॉ. एलिझाबेथ बीटी आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर यांनी बायकांसाठी दवाखाना काढला. तुम्ही मात्र दर वेळी एकच विचारायचात: रात्री कंदील कोण भरत होतं, चादरी कोण धूत होतं? त्यांची नावं कुठल्याच भाषणात येत नाहीत म्हणून तुम्हाला मनापासून वाईट वाटायचं. आपल्या वार्षिक अहवालात पेले धुणाऱ्यांचीही नावं छापायची, हा हट्ट तुमचाच. गेली चार वर्षं ती छापतो आहोत.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते 'ळ'च्या भांडणाबद्दल.

बाहेरच्यांना हे सांगावं लागेल. आपली उपासना मराठीत होते, होळकरांच्या या गावात ती मराठीतच राहावी असं जुन्या घरांना वाटतं, आणि मलाही वाटतं. पण मुलं शिकली हिंदी आणि इंग्रजी शाळांत, सुना आल्या हिंदी घरांतून. त्यांच्या तोंडून 'मंडळी'ची 'मंडली' होते. म्हणून त्यांना शास्त्रपाठ, म्हणजे उपासनेतला बायबलचा उतारा, वाचायला द्यायचा नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं; पण कुणी देतही नव्हतं. एका रविवारी एका सुनेने हौसेने वाचलं आणि बाकांच्या मधल्या वाटेतच एका वडिलांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एकाने, तिला चार लोकांसमोर टोकलं. ती डोळे पुसत बाहेर गेली. पाठोपाठ तरुण संघ पेटला. वेगळी हिंदी उपासना हवी, नको, यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत मी मिनिटबुकात "चर्चा अपूर्ण" असं लिहिलं.

तिसऱ्या बैठकीत तुम्ही बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडलात. मला वाटलं, आता नेहमीचा बोध येणार, की प्रेषितांनी वचनाची सेवा करावी आणि पंगतीची व्यवस्था इतरांनी. नेतृत्वावरच्या प्रत्येक शिबिरात एक तर हा उतारा असतो, नाही तर मोशेला कामं वाटून द्यायला सांगणारा त्याचा सासरा. पण तुम्ही म्हणालात, त्या कामाला निवडलेल्या सात जणांची फक्त नावं वाचा. आणि आम्ही वाचली: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. "ही सगळी ग्रीक नावं आहेत," तुम्ही म्हणालात. "कुरकुर कुणाची होती? ग्रीक बोलणाऱ्यांची. रोजच्या वाटपात त्यांच्या विधवा सुटत होत्या. मग वाटपाचा चार्ज कुणाला दिला? बघा."

खोलीत कुणी बोललं नाही. मग एका वडिलांनी विचारलं, म्हणजे मराठी सोडायची का? तेव्हा तुम्ही १९७० सालची गोष्ट काढलीत. २९ नोव्हेंबरला नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा तुम्ही नर्सिंग शिकत होतात. बाळाचा बाप्तिस्मा करणारे आणि समजत्या वयातच बाप्तिस्मा देणारे, दोघेही आपापली रीत घेऊन त्या एका मंडळीत आले. "एवढ्या मोठ्या गोष्टीत मावलो आपण," तुम्ही म्हणालात, "आणि एका अक्षरावरून वेगळे बसणार?"

शास्त्रपाठाचा चार्ज त्याच सुनेकडे गेला. दर शुक्रवारी संध्याकाळी एक जुना माणूस आणि एक नवा वाचक वीस मिनिटं एकत्र बसतात. लिपी तर एकच आहे, अडतं ते चार शब्दांच्या अर्थाशी आणि जीभ मागे वळवण्याशी. ज्या वडिलांनी तिला टोकलं होतं ते सगळ्यात आधी येऊन बसतात. नारायण वामन टिळकांची पदं मुलांना तोंडपाठ होती, अर्थ माहीत नव्हता. आता शुक्रवारी मुलंच विचारतात, या ओळीचा अर्थ काय, आणि ते काका पाऊण तास सांगत राहतात. महिन्यातून एकदा शेवटचं गीत हिंदीत होतं. चौदा वाचकांपैकी नऊ जण हिंदी घरांतले आहेत. सगळे खूश झाले असं नाही. एक जुनं घर दुखावून गेलं, ते अजून परत आलेलं नाही. त्यांचं नाव रजिस्टरात आहे आणि दर तीन महिन्यांनी कुणीतरी जातं. दोनदा दार उघडलं, एकदा नाही.

बाकीची कामं अशीच एकेकाच्या हाती गेली. व्यासपीठावरून "कुणी पुढे येईल का" असं विचारणं तुम्ही बंद केलंत. तुम्ही माणसाकडे जायचात, आणि तो आधीपासून काय चांगलं करतो ते बघून जायचात. प्रीतिभोजनाचा चार्ज ज्या काकूंना दिलात त्यांना लिहितावाचता येत नाही म्हणून आम्ही त्यांना फक्त कांदे चिरायला बसवत होतो. दीडशे माणसांना पंधरा किलो तांदूळ, डाळ किती, तेल किती, सियागंजात कुठल्या दिवशी भाव उतरतो, सगळं त्यांच्या तोंडावर. हिशेब लिहायला नात बसते. पंगत उठली की ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, त्यालाही एक माणूस नेमलेला. अर्पण मोजायला नेहमी दोघं, एका घरातली नाहीत, आणि सही तिथल्या तिथे. संडे स्कूलमध्ये मुलांबरोबर कधीही दोन मोठी माणसं आणि दार उघडं. यावर तुम्ही चर्चाच होऊ दिली नाहीत, ते योग्यच झालं.

बुधवारची घरगुती प्रार्थनासभा बंद केलीत, तेव्हा मी तुमच्यावर रुसले होते. दोन वर्षं तिथे तीनच माणसं येत होती, त्यातली एक मी. बंद करणं मला पाप वाटत होतं. तुम्ही शेवटची सभा ठरवलीत, जुन्या सगळ्यांना बोलावलंत, अठ्ठावीस जण आले, ज्या घराने अकरा वर्षं दार उघडं ठेवलं त्यांना शाल दिली, उपकारस्तुतीची प्रार्थना झाली. मी त्या दिवशी रडले, आणि पुढच्या बुधवारी मोकळी संध्याकाळ मिळाली तेव्हा आईजवळ जाऊन बसले.

एका बाबतीत मात्र मी आजही तुमच्याशी सहमत नाही. ड्यूटी चुकवणाऱ्याचं नाव चार्जच्या वेळी मोठ्याने वाचायची तुमची पद्धत. वॉर्डात ते चालत असेल, तिथे जीव जातो. मंडळीत लोक आपला थकवा घेऊन येतात. मी ते बंद केलं, आता बाजूला घेऊन विचारते. तुम्ही तेव्हा नाक मुरडलंत, पण सेक्रेटरी तू आहेस म्हणून मान्य केलंत. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरंच वाटलं की चार्ज माझ्याकडे आहे.

आणि आता तुम्ही स्वतः. गेल्या महिन्यात बायबलमधल्या गणनाचा आठवा अध्याय काढून दाखवलात: लेव्यांनी, म्हणजे देवाच्या मंडपाची सेवा करणाऱ्यांनी, पंचविसाव्या वर्षी सेवेला लागावं, पन्नासाव्या वर्षी ती सोडावी, आणि पुढे भावांना मदत करावी. "मी चोवीस वर्षं उशीर केला," म्हणालात. ज्या पोरीला रजिस्टर दिलंत ती तेवीस वर्षांची आहे. दीड वर्ष तिला बरोबर घेऊन तुम्ही घरोघरी, मजले चढत, गुडघे धरत फिरलात. पहिल्या पाच भेटींत तिला बोलू दिलं नाहीत, नुसतं बसायला शिकवलंत.

मेट्रनबाई, त्या आजींना मी अजून सणासुदीला भेटते. आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्या शेवटच्या आजारात सतरा दिवसांत एकही दिवस कुणी गेलं नाही असं झालं नाही. आजींनीच मला ते मोजून सांगितलं. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत ते मला येत नाही.

या रविवारचा चार्ज असा: एकूण अकरा घरं, नऊ ठिकाणी भेट झाली, दोन बाकी, मंगळवारपर्यंत होतील. एक नवं नाव चढलं आहे. सुदामानगर, पहिला मजला, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. कसलं ते लिहिलेलं नाही, रकानाच नाही. पुढची भेट गुरुवारी, संध्याकाळी साडेपाच. जाणार ती पोरगी आणि मी. चहा टाकायला उठू नका, आम्ही घेऊन येतो.

तुमची,
मंडळीची सेक्रेटरी
इंदूर