वनस्पतीची पेशी म्हणजे बंद खोली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वनस्पतीच्या पेशीचे जे चित्र छापले होते, त्यात चारही बाजूंनी सलग, जाड भित्तिका दाखवली होती. बहुतेक शालेय तक्त्यांवरही पेशी अशीच असते. तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे या चित्राबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

अकरावीच्या प्रात्यक्षिकात ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल काचपट्टीवर ठेवून तिच्यावर मिठाचे पाणी सोडले, की जांभळा ऐवज भित्तिकेपासून सुटून आत आक्रसतो. हे पाहणाऱ्या मुलांची समजूत होते, की प्रत्येक पेशी शेजारणीपासून तुटलेली असते. वास्तविक भित्तिकेतून प्लाझ्मोडेस्माटा नावाच्या असंख्य सूक्ष्म नलिका आरपार गेलेल्या असतात आणि त्यांतून दोन पेशींचे पेशीद्रव्य एकमेकांना जोडलेले असते. १८७९ साली एडुआर्ड टांगल यांनी हे दुवे प्रथम पाहिले, तेही काजऱ्याच्या बीमध्ये. आपल्या कोकणातल्या रानांत वाढणारा तोच विषारी काजरा. या नलिकांची रुंदी साधारण ५० नॅनोमीटर असल्याने महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकात त्या दिसत नाहीत, आणि न दिसणारी गोष्ट शिकवण्यातूनही गळते.

नलिकेच्या मधोमध आंतर्द्रव्यजालिकेचा, म्हणजे पेशीतल्या पातळ पटलांच्या जाळ्याचा, एक बारीक धागा जातो आणि त्याच्याभोवतीच्या चिंचोळ्या वाटेने साखर, क्षार, संदेशवाहक रेणू ये-जा करतात. सर्वसाधारणपणे हजार डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) आसपासचे रेणू सहज जातात, मोठ्यांना अडवले जाते. मात्र वाढीची दिशा ठरवणारी काही प्रथिने मुद्दाम पलीकडे सोडली जातात. नलिकेच्या तोंडाशी कॅलोज नावाचा पदार्थ साठवून पेशी वाट आवळते आणि गरज सरली की विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने तो विरघळवून ती पुन्हा मोकळी करते. जखम झाली किंवा रोगाची चाहूल लागली, तर हे आवळणे लगेच सुरू होते. पर्णरंध्राच्या पूर्ण वाढलेल्या रक्षक पेशींनी तर शेजाऱ्यांशी असलेला हा संबंध कायमचा तोडलेला असतो, कारण त्यांना स्वतंत्रपणे फुगायचे आणि आक्रसायचे असते.

हे केवळ परीक्षेपुरते नाही. मुलुंडला आमच्या इमारतीत एका शेजारणीच्या गॅलरीतल्या मिरचीच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उठले. रोपवाटिकेतून दिलेले औषध त्या महिनाभर फवारत राहिल्या, आणि वरची कोवळी पानेही तशीच निघत गेली. फवारणीने पानावरचा मावा मरेल, पण आत शिरलेला विषाणू मरत नाही. तंबाखूच्या मोझॅक विषाणूसारखे विषाणू स्वतःचे खास प्रथिन वापरून याच नलिका रुंदावतात आणि आपला जनुकीय ऐवज पुढच्या पेशीत सरकवतात. असे रोप उपटून टाकणे हाच उपाय होता, आणि तो त्यांना पहिल्याच आठवड्यात कोणी सांगितला असता, तर कदाचित शेजारच्या कुंड्या वाचल्या असत्या.

माझी विनंती एवढीच आहे, की यापुढे असे चित्र छापताना भित्तिकेत किमान तीन-चार ठिकाणी या नलिका आणि पलीकडच्या पेशीचा थोडा भाग दाखवावा. प्रात्यक्षिक घेणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनीही ऱ्हिओची साल दाखवतानाच या वाटांची आकृती फळ्यावर काढावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई