चकाकणारा टायर म्हणजे स्वच्छ टायर नव्हे

मा. संपादक,

खंडेनवमी आली की कोल्हापुरात गाड्या धुण्यासाठी रांगा लागतात. धुऊन बाहेर पडलेल्या गाडीचे टायर काळेभोर दिसतात, अगदी नाद खुळा! चार दिवसांत तेच टायर विटकरी पडतात आणि चाकांमागच्या पत्र्यावर काळ्या थेंबांची नक्षी उठते. मालक पॉलिशला नावे ठेवतो. खरा दोष बहुधा पॉलिशखाली राहिलेल्या मळाचा असतो, आणि काही ठिकाणी पॉलिश म्हणून जे फासतात त्याचा.

टायरचा तपकिरी रंग म्हणजे नुसती धूळ नव्हे. हवेतल्या ओझोनमुळे रबराला भेगा पडतात. त्या पडू नयेत म्हणून रबरात ६पीपीडीसारखी रसायने मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवा लागून तपकिरी होतात. त्यावर जुन्या पॉलिशचा चिकट थर, त्यात रस्त्याची धूळ, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून उडालेला चिकटा. एवढ्यावर नवे पॉलिश लावले तर ते रबराला धरणार कसे? ते मळाला धरते आणि मळाबरोबर निघून जाते.

काही ठिकाणी टायरवर डिझेल किंवा जळके इंजिन ऑईल मारतात. स्वस्त आहे आणि काळे दिसते, एवढाच त्याचा गुण. रबर तेल पिते, फुगते, मऊ पडते. वरचा संरक्षक थर विरघळून जातो आणि पुढे कडेला बारीक भेगा दिसू लागतात. रिमचे हाल त्याहून वाईट. संडास साफ करायचे ॲसिड पाण्यात घालून अलॉयवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमवर, मारले की ती क्षणात लख्ख होते. पण खडी लागून जिथे लॅकरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, टवका उडालेला असतो तिथून ॲसिड आत शिरते आणि काही महिन्यांनी लॅकरखाली पांढऱ्या अळीसारख्या रेघा सरकू लागतात. त्यावर पुन्हा रंग काढून रंगवण्याशिवाय इलाज नाही. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियम खातो. तारेच्या घासणीबद्दल तर बोलायलाच नको.

घरी हे काम चार चाकांना दीड तासात, दोन-तीन बालद्या पाण्यात होते. गाडी सावलीत हवी आणि चाके पूर्ण थंड. पन्हाळा किंवा जोतिबाचा डोंगर उतरून आलेल्या गाडीला तासभर तरी हात लावू नये, कारण तापलेल्या रिमवर क्लीनर लगेच वाळतो आणि त्याचे डाग पडतात. चाके आधी धुवावीत, बॉडी नंतर. चाकांचे फडके, ब्रश आणि बालदी वेगळी ठेवावी. ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण फडक्यात अडकतात आणि तेच फडके बॉनेटवर फिरले तर रंगावर ओरखडे उठतात.

एका वेळी एकच चाक घ्यावे. पाण्याने चिखल सोडवून आधी टायर, मग रिम. टायरसाठी एक भाग ऑल पर्पज क्लीनर आणि चार भाग पाणी, कपडे घासायचा ताठ ब्रश. पहिला फेस चहासारखा येतो. धुऊन पुन्हा घासावे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फेस पांढरा झाला की टायर स्वच्छ झाला असे समजावे. बहुतेक जण पहिल्या फेसालाच थांबतात, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथेच होतो. वाळल्यावर पांढरे फडके दाबून फिरवावे, तपकिरी उमटले तर पुन्हा ब्रश घ्यावा.

रिमला तेच क्लीनर एकास दहा पाणी, मऊ ब्रश आणि नटांच्या खोबणीत जुना टूथब्रश. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात, शिवाय ब्रेकचा जास्त भार पुढेच येतो. म्हणून पुढची चाके जास्त काळी. शाम्पूने न निघणारे तांबूस ठिपके म्हणजे रुतलेले लोखंड. त्यावर आयर्न रिमूव्हर फवारला की तीन-चार मिनिटांत जांभळे ओघळ येतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावा. हातात मोजे हवेत. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन रिमपुरताच लावावा, रबराला लागू देऊ नये.

रिमची आतली बाजू सहसा कोणी पाहत नाही. गगनबावडा, राधानगरीकडून आलेल्या गाडीत तांबड्या मातीचा लगदा तिथे वाळून बसतो आणि ताशी ८०च्या पुढे स्टीअरिंग थरथरू लागते. मालक बॅलन्सिंगला पैसे मोजतो, खरे तर मूठभर माती काढायची असते. उलटही घडते. आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने जोरात घासून निघाली तर तीच थरथर मागे लागते, म्हणून तिथे ब्रश हलका ठेवावा. लोखंडी रिमचे व्हील कप काढूनच धुवावेत, मागे साचलेल्या चिखलात गंज धरतो. प्रेशर वॉशरचे तोंड टायरपासून किमान ३० सेंटीमीटर लांब ठेवावे. जवळून बारीक धार मारली तर टायरच्या कडेला आतून इजा होऊ शकते, आणि ती वरून दिसत नाही.

ड्रेसिंग, म्हणजे टायरचे पॉलिश, पाण्याच्या बेसचे घ्यावे. टायर पूर्ण कोरडा हवा. ओल्या रबरावर ते पट्ट्या पट्ट्यांनी बसते. एका टायरच्या बाहेरच्या कडेला ५ ते ८ मिली पुरते. ते स्पंजवर घेऊन चोळावे. थेट फवारा मारला तर डिस्कवर जातो, आणि डिस्कवर सिलिकॉन म्हणजे ब्रेकशी खेळ. १५ मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचे पुसून घ्यावे. हे पुसणे टाळले की पत्र्यावर काळे थेंब उडालेच. त्या थेंबांत सिलिकॉन असले तर पुढे तो भाग रंगवताना रंगाला खड्डे पडतात. गोटीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, ड्रेसिंग कधीही लावू नये. दुचाकीच्या टायरला तर अजिबातच नको, वळणावर ती कडेवर झुकते. ग्लिसरीन आणि पाण्याचा घरगुती उपाय रबराला बाधत नाही, पण पहिल्या पावसात धुऊन जातो. खोबरेल तेल लावून मात्र धूळ गोळा करून घेऊ नये.

पूजेसाठी हे सगळे आदल्या संध्याकाळी उरकावे. ओल्या पॉलिशवर हळद-कुंकू चिकटून बसते. चाकावर उडालेले नारळाचे पाणी दुसऱ्या दिवशी धुवावे. धुऊन झाल्यावर गाडी थोडी फिरवून तीन-चार वेळा हलका ब्रेक दाबावा, डिस्क कोरड्या होतात आणि वर आलेला गंजाचा पातळ थर निघतो.

हात टायरवर आहेच तर दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. कडेवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. २३२१ म्हणजे २०२१ सालातला २३वा आठवडा. आणि खाचांमधल्या आडव्या उंचवट्यांशी रबर समपातळीत आले असेल तर खोली १.६ मिलिमीटरवर आली. असा टायर कितीही चमकवला तरी बदलावाच लागतो. कडेला फुगा दिसला तर त्याच दिवशी.

धुण्याचे पाणी पंचगंगेत किंवा रंकाळ्यात जाता कामा नये, त्यात तेल, साबण आणि ब्रेकची धूळ असते. गाडी घाटावर नेऊन धुणाऱ्यांना पोलीस अडवतीलच असे नाही, म्हणून हे लिहावे लागते.

ज्यांना घरी वेळ नाही त्यांनी गाडी धुण्याच्या केंद्रात जरूर जावे, पण रिमला आणि टायरला काय लावणार ते आधी विचारावे आणि डबा पाहावा. डब्यावर लेबल नसेल तर साध्या शाम्पूने धुऊन टायर कोरडेच ठेवायला सांगावे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर