भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणेबद्दल, चाचांना

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. मिरजेत ज्यांचे ॲम्प्लिफायर तुमच्या हाताखालून गेलेत ते ओळखतीलच. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण आमच्या आईचा अपमान झाला तोही चारचौघांतच झाला होता.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात शिरलं, त्यात आईची जुनी पेटी, तानपुरा आणि बाबांनी घेतलेले लाकडी स्पीकर गेले. आम्ही विश्रामबागेत आलो. आईची खोली दहा बाय अकराची. मोबाईलवर गाणं ऐकून ती कंटाळली, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानातून होम थिएटर आणलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘5000 वॅट’. कोपऱ्यात जाड ठोकळा, वर मुठीएवढे पाच स्पीकर. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, “हे घुमतंय, गात नाही.” आम्ही तीनदा दुकानात गेलो. तिसऱ्या खेपेला मालक गिऱ्हाइकांसमोर तिला म्हणाले, “आजी, वय झालं तुमचं. आता असंच ऐकू येणार.”

आई काही बोलली नाही. रिक्षात सगळा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. घरी आल्यावर तिनं त्या डब्याची पिन काढली, वर जुनं लुगडं टाकलं, आणि वर्षभर घरात गाणं लागलं नाही. चाचा, या बाईचं बालपण मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात उरुसाची गाणी ऐकण्यात गेलंय. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले, पण त्यांना ऐकलेली माणसं तिच्या लहानपणी आजूबाजूला होती. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, लागली की नाही हे ती दुसऱ्या खोलीतून सांगायची. आणि तिला सांगितलं, वय झालं.

तुम्ही आलात तेव्हा मी नेहमीप्रमाणे सगळं स्वतःच सांगायला लागले. तुम्ही हातानंच मला थांबवलंत आणि आईकडे वळून विचारलंत, “आई, तुम्हाला काय ऐकू येत नाही?” दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मीही नाही. आई म्हणाली, “खर्ज नुसता भुंकतो. जवारी येत नाही. आणि शब्दांच्या कडा जातात.” तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, “बरोबर ऐकताय तुम्ही. त्या डब्यात मधला आवाजच नाही.”

बरोबर ऐकताय तुम्ही. आईचा चेहरा त्या वाक्यावर बदलला, तो मी पाहिलाय.

मग तुम्ही चपला दाराबाहेर नीट लावल्यात, आईला विचारून तिच्या पलंगावर बसलात, उशीला टेकलात. तुम्ही चांगले उंच, आई जेमतेम पाच फुटांची. तुम्ही पाठीत वाकून हळूहळू खाली सरकत गेलात आणि म्हणालात, “आई, तुमचा कान इथं येतो का? की अजून खाली?” ती म्हणाली, “अजून दोन बोटं.” तुम्ही अजून सरकलात, आणि त्या जागी भिंतीवर पेन्सिलीनं बारीकशी खूण केलीत. स्पीकर कुठले, किती रुपयांचे, हे सगळं नंतर. आधी ती कुठं बसून ऐकते ते.

तुम्ही तेव्हा समजावलेलं मी वहीत लिहून ठेवलंय. स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलनं (आवाज मोजायचं माप) उतरतो, पण भिंतींवरून फिरून येणारा तेवढा उतरत नाही. म्हणून लांबून ऐकलं की खोलीच जास्त ऐकू येते, आणि वयस्कर कानाला शब्द वेचणं जड जातं. जवळ बसा, एका मीटरवर, म्हणजे गाणारा आधी पोचतो. तुम्ही सुचवलेल्या जोडीचा वूफर, म्हणजे खालचे सूर काढणारा पडदा, चार इंची. एका वॅटला एक मीटरवर 86 डेसिबल. माणसं बोलतात ती साधारण 60 वर, म्हणजे आईच्या बेताच्या आवाजाला वॅटचा शंभरावा हिस्साही पुरतो. 5000 चा आकडा आठवून मला अक्षरशः रडू आलं. कुठल्या कागदावरची ती ताकद, आणि तिच्यापायी माझ्या आईला बहिरी ठरवलं.

मी मोठे, उभे स्पीकर घेऊ का म्हणून विचारलं होतं. तुमचा त्यात फायदाच होता. तुम्ही नको म्हणालात, आणि मोबाईलमध्ये बीबीसीच्या जुन्या स्पीकरचा फोटो दाखवलात, एलएस थ्री-फाइव्ह-ए. 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये इंजिनिअर अगदी जवळ बसून ऐकायचे, त्यांच्यासाठी बनवलेला, पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा. “लहान खोलीत लहानच खरं बोलतो,” म्हणालात.

ॲम्प्लिफायरची तुमची परीक्षा तर मी जन्मात विसरणार नाही. गाणं न लावता तुम्ही ट्वीटरला, म्हणजे स्पीकरमधल्या बारीक सुरांच्या छोट्या पडद्याला, कान लावून बसलात, कारण इतक्या जवळून ऐकायचं तर मागची सूंऽऽ पण ऐकू येते. एक ॲम्प्लिफायर त्यातच बाद. दुसऱ्याचं आवाजाचं बटण अगदी शून्यापाशी आणलंत, तर डावा स्पीकर उजव्याच्या आधी विझला. “आई हळू आवाजात ऐकतात, म्हणजे बटण कायम इथंच राहणार,” म्हणालात आणि तोही परत पिशवीत घातलात. तिसरा, वीस वॅटचा साधा, तो ठेवलात. दुकानदार आवाज वाढवून दाखवतात. कमी करून दाखवणारे तुम्ही पहिलेच भेटलात.

स्पीकर बुटक्या टेबलावर, भिंतीपासून फूटभर पुढं, कारण त्यांची हवा बाहेर पडायची भोकं मागं, भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो. आणि खाली लावायला खिशातून काय निघालं, तर तून लाकडाच्या दोन पाचरी, तानपुरे करणाऱ्या तुमच्या शेजाऱ्याकडच्या. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आईनंच मला वाचून दाखवली होती. त्याच लाकडाचा तुकडा आता तिच्या स्पीकरचं तोंड तिच्या कानाकडे वळवतो. मग दोऱ्यानं मोजलंत: स्पीकर ते स्पीकर, डावा ते खूण, उजवा ते खूण. तिन्ही सारखं.

तुम्ही म्हणाल, यात विशेष काय केलं. चाचा, समोरच्या माणसाला खरं मानून कामाला सुरुवात करणं आता फार कमी झालंय. दवाखान्यात, बँकेत, दुकानात, आईच्या वयाच्या माणसांबद्दल सगळे आमच्याशी बोलतात. ती तिथंच बसलेली असते.

पहिल्यांदा लावलं ते तिच्या गुरूंच्या घरच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण. आधी नुसता तानपुरा. आई डोळे मिटून बसली होती. मिनिटभरानं म्हणाली, “पंचम किंचित उतरलाय.” तुम्ही हसलात आणि म्हणालात, “मला नाही कळलं.”

दोरा आईनं खिळ्याला गुंडाळून ठेवलाय. केर काढताना स्पीकर हलला की ती स्वतः उठून मोजते आणि परत जागेवर लावते. खोलीला रंग द्यायचा होता. पलंगामागची ती भिंत तिनं देऊ दिली नाही.

पाचरींचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. रविवारी चाचींना घेऊन जेवायला या. आई दोडक्याची भाजी करणार आहे, आणि तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय म्हणते. काय ते मलाही सांगत नाही.

तुमची,
विश्रामबागेतली मुलगी